लॉनमध्ये लोखंड येतं कुठून

साहेबांच्या गाडीची मागची काच फुटली तेव्हा गवत कापायच्या मशीनचा दांडा माझ्या हातात होता. खाली खाडकन आवाज झाला आणि वीस पावलांवर उभ्या गाडीच्या काचेची जाळी जाळी झाली. महिन्यातली ही तिसरी वेळ. आधी दोनदा लोखंड कुंपणात गेलं होतं. त्यातला एक तुकडा सापडला, पण चेपलेला. मला तो खिळा वाटला.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असेल. रामदासपेठेत एका कंपनीच्या बंगल्यावर मी माळी होतो. गवत कापायची पेट्रोलची मशीन तेव्हा नवीनच आली होती. शिक्षण माझं चौथी, पण मशीन मीच चालवायचो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या टोपाखाली लोखंडी पातं पंख्यासारखं फिरतं. गवत कापतं आणि खडा, खिळा, तार, जे सापडेल ते गोफणीसारखं फेकतं. डोळ्यात गेलं तर डोळा गेला. म्हणून कापायच्या आधी लॉन साफ करावं लागतं.

ते काम माझ्या बायकोचं, सुभद्राचं. तिला रोजीनं ठेवलं होतं. ती उमरेडच्या विणकराची पोर. माहेरी गल्लीत लुगड्याचं उभं सूत ताणून त्याला खळ लावायचे, तेव्हा ही सुताच्या कडेनं येरझारा घालून तुटला धागा शोधायची. लॉनवरही तसंच. चपला काढायची, या टोकाहून त्या टोकाला सरळ जायची, परतताना एक पाऊल बाजूला सरकायची. पायाला लागलं की उचलायची. डोळ्यांपेक्षा तिचा पायावर भरवसा.

साहेब म्हणाले, "लोहा क्या जमीन में उगता है? तुझी बाई नीट बघत नाही. शनिवारी पुन्हा कापायचंय. आवाज आला तर तिचं काम बंद."

माझा पहिला संशय देवराव चौकीदारावर. त्याच्या बायकोला हेच काम पाहिजे होतं. मी त्याला विचारलं, "आमी घरी गेल्यावर लॉनवर कोण फिरते गा?"

"भुतं," देवराव म्हणाला. "काहून? खिळे मी पेरतो म्हणतं काय?"

"मी तसं म्हटलं काय?"

"तोंडानं नाही म्हटलं. डोळ्यानं म्हणून राहिला ना!"

चार दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो फाटकावर गेला की खोलीत जाऊन त्याची पिशवीही पाहिली. एक कांदा आणि भाकर निघाली. मग संशय फिरून घरी आला. सुभद्राच्या टाचा दगडासारख्या झाल्या होत्या. वाटलं, हिला आता पायाला समजत नसेल, आणि सांगायची लाज वाटत असेल.

शनिवारी सकाळी ती यायच्या आधी मी गवतात पाच खिळे टाकले. लिहायला बरं वाटत नाही, पण टाकले.

ती चालली. मी नळाजवळ पाइप धरून उभा, लक्ष सगळं तिच्या पायाकडे. शेवटची ओळ झाल्यावर ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या हातावर खिळे ठेवले.

"घ्या. पाच हायेत."

मी मूठ मिटून खिळे झाकले.

"आपल्याच घरचे हायेत. खाटेसाठी आणले होते ते. माह्यी परीक्षा घेऊन राहिले काय तुमी?"

"तसं नाही वं..."

"मंग कसं? आता चालवा मशीन. सारी जमीन माह्या पायाखालून गेली. आता आवाज आला तं तो जमिनीचा नाही."

मी मशीन सुरू केली. ती नेहमीसारखी भिंतीआड जाऊन उभी राहिली. मशीन चालताना समोर कोणी थांबायचं नाही, हा नियम मीच तिला घालून दिला होता. तिसऱ्या ओळीत खाडकन आवाज झाला.

मी इंजिन बंद केलं. पातं थांबेपर्यंत थांबलो. मग प्लगची टोपी काढली. बंद मशीनचंही पातं हातानं हललं तर इंजिन धक्का मारू शकतं, बोटं जातात. टोपी काढली की ठिणगी पडत नाही, ती भीती नाही. मग मशीन आडवी केली.

टोपाच्या आत एक जाड पट्टी आठ बोल्टांनी कसलेली असते. चार भोकं रिकामी. पाचवा बोल्ट माझ्या बोटानं फिरला. मशीन थरथरते, नट ढिले होतात, आणि बोल्ट सरळ पात्यावर पडतो. मशीन द्यायला आलेला मेकॅनिक सांगून गेला होता, रोज सकाळी पाना फिरवायचा. आठ दिवस फिरवला. मग नवी मशीन आहे, काय होते, म्हणून सोडला.

गुपचूप बोल्ट बसवले असते तर कोणाला समजलं नसतं. आवाज थांबला असता, आणि साहेब समजले असते की बाई दम दिल्यावर सुधारली. मी तसा विचार केला. सुभद्रा बाजूला येऊन उभी होती. भोकं तिनंही मोजली असतील.

"तुमी सांगता का मी सांगू?"

मीच गेलो.

"म्हणजे लोहा तुझाच?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"और चार दिन से चौकीदार के पीछे पड़ा था?" देवरावनं ते त्यांच्या कानावर घातलं होतं.

सुभद्राचं काम राहिलं. माझी मशीन महिनाभर कुलपात गेली, हातात विळा आला. सगळं लॉन मी उकिडवं बसून कापलं. देवराव रोज फाटकावरून विचारायचा, "काय गा, विळ्याचे बोल्ट कसले काय?"

मशीन परत मिळाल्यावर सुभद्रा रोज चपला काढायच्या आधी विचारायची, "पाना फिरवला काय?" देवरावासमोर, साहेबांसमोर, कोणाहीसमोर. मला राग यायचा. हो म्हणाल्याशिवाय ती गवतात पाय ठेवत नव्हती. नोकरी संपेपर्यंत विचारलं तिनं.

मागच्या वर्षी ती गेली. त्या पाच खिळ्यांसाठी मी तिची माफी मागितली नाही. तिला समजलं असेल असं धरून चाललो, तेही तपासलं नाही.

कोणाकडे अशी मशीन असेल तर रोज पाना फिरवा. संशय आलाच तर आधी बोल्ट पाहा. माणसं तपासायची वेळ मग बहुतेक येत नाही.