जाम इंजिन आणि एक शनिवार

तेल दिसलं की काका त्यात दोन बोटं बुडवत, चोळत, नाकाशी नेत. मग ते मशीनचं असो की काकींच्या कढईतलं. "आम्ही शनवार तेली. तेलाचं आम्हांला कळतं." कोकणात आम्हा बेने इस्रायल ज्यूंना हेच नाव होतं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली.

पण बासष्ट साली त्यांच्या हातात फावडं होतं. मुंबईच्या गोदीत वीस वर्षं लाँचींची इंजिनं खोललेला हा माणूस इस्रायलात, बेर्शेबा गावाबाहेर झाडांसाठी खड्डे खणत होता. सर्टिफिकेट नाही, हिब्रू नाही. पत्र्याच्या खोलीत सात माणसं. काकी इस्पितळात फरशा पुसायच्या. मी शेजारच्या खोलीत. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. ते मला 'बी.ए.बाय' म्हणत.

त्यांचे नोकरीचे अर्ज मी लिहायचे. कचेरीत दर वेळी एकच उत्तर: "सवलानूत." म्हणजे धीर धरा. ते ऐकलं की काका बाहेर येऊन भिंतीलगत येरझारा घालत. खुर्ची चावते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्रेसष्टचा हिवाळा संपला आणि मी जिथे कारकून होते त्या वर्कशॉपात विहिरीच्या पंपाचं डिझेल इंजिन आलं. जाम. फ्लायव्हील केसभर हलेना. फोरमन रुमानियाचा. म्हणाला, "रविवारी ट्रक येईल. भंगारात, हैफाला." मी काकांचं नाव सुचवलं.

"मजूर?" तो हसला. "चालवून दाखवू दे, मेकॅनिक म्हणून लिहितो. नाहीतर फावडं आहेच."

सोमवारी काका आले, इंजिनाभोवती तीन फेऱ्या मारल्या. इंजेक्टर काढून तारेला गुंडाळलेली चिंधी सिलिंडरमध्ये घातली. चिंधी तांबडी आली.

"धुराड्यावर डबा उपडा घालायला कोण विसरला? पाऊस आत गेलाय. रिंगा गंजून चिकटल्यात. मोडलं काही नाही."

"काका, पुस्तकात लिहिलंय, सगळं खोला, पिस्टन ठोकून काढा."

"पुस्तकवाल्याला नवे पिस्टन मिळत असतील, बी.ए.बाय. मी कुठून आणू?"

अर्धं रॉकेल, अर्धं तेल त्यांनी सिलिंडरमध्ये ओतलं. रोज फ्लायव्हीलला पहारीनं हलका दाब द्यायचा, काही हललं नाही की परत ओतायचं. मधल्या वेळात करायचं काय? दुसऱ्यांच्या मशीनचे नट आवळले, बाकडी धुतली, शिव्या खाल्ल्या.

बुधवारी फोरमन वैतागला. फ्लायव्हीलला साखळी गुंडाळून ट्रॅक्टरनं ओढायला निघाला. ओढलं असतं तर रिंगांचे तुकडे झाले असते. काका ट्रॅक्टरसमोर उभे राहिले आणि त्यांना येत होता तो एकमेव हिब्रू शब्द ओरडले: "सवलानूत!"

अख्खं वर्कशॉप हसलं. फोरमनही.

शुक्रवारी दुपारी इंजिन तसंच होतं. काठोकाठ ओतून काका घरी आले.

शनिवारी सिनेगॉगमधून परतल्यापासून ते गल्लीच्या टोकापर्यंत दहादा जाऊन आले असतील.

"नुसतं बघून येतो गं."

"बघितलं की हात लावाल," काकी आतून म्हणाल्या. "जेवा आधी. चपला मी लपवल्यात."

काका अनवाणी माझ्या दाराशी आले. "बाय, आज आपण काम करत नाही, पण तेल करतंय. पाप लागेल का?"

"शुक्रवारी चुलीवर ठेवलेलं भांडं शनिवारी शिजतंच की."

"हां," म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.

रविवारी सकाळी ट्रक आमच्या आधी हजर. माणसं दोर सोडत होती. काकांनी चाकाला पहार लावली आणि अंगाचा भार दिला. काही नाही. परत दिला. कर्र झालं, चाक बोटभर फिरलं. त्यांनी ते लगेच मागं घेतलं. पुढं, मागं, मग वीतभर. तांबडं पाणी उसळून शर्टावर उडालं. दुपारी इंजेक्टर बसले, नवं तेल पडलं. आधी पांढरा धूर, मग निळा, मग इंजिनाच्या धडधडीनं वर्कशॉपचे पत्रे हादरू लागले. ट्रक रिकामा गेला.

पुढच्या वर्षी काका हैफाच्या बंदरात कामाला लागले आणि पुष्कळ वर्षांनी तिथेच वारले. शेवटच्या भेटीत सांगावं असं काही घडलं नाही, ते घाईत होते.

वर्कशॉपातल्या त्यांच्या नोकरीच्या कार्डाची नक्कल माझ्याकडे आहे. फोरमननं सांगितलं आणि माझ्या हातानं मी लिहिलं. धंदा: मेकॅनिक.