बत्त्याचं वजन

वजनकाटा जमिनीवर ठेवला की आधी ती स्वतः त्यावर चढायची. चपला बाजूला, साडीचा काठ जरा वर, नजर समोरच्या भिंतीवर. आकडा आम्ही वाकून वाचायचा.

"किती?"

"अठ्ठावन्न."

"मंग काटा खरा हाय. चढ आता."

सरकारी नर्सा तुम्हीही पाहिल्या असतील. त्या आपलं वजन गावाला सांगत फिरत नाहीत. आमच्या सिस्टरचं वजन मात्र आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती महिन्यातून एका मंगळवारी अंगणवाडीत यायची आणि पोटुशा बायांना एकेक करून मोजायची. आकडा कार्डावर लिहायची आणि तोंडानंही सांगायची. कुजबुजणं तिला जमत नव्हतं.

दिसायला काही विशेष नव्हती. काळीसावळी, आवाज भांड्यावर भांडं आपटल्यासारखा. मूळची मोताळ्याकडची. मला ती पहिल्यांदा आवडली नाही. मी चौथी शिकलेली, पाच बाळंतपणं झालेली बाई. मला काय शिकवणार ही?

एकदा मास्तरांची बायको आली. बीबी गावच्या बाजारातून तिचा नवरा दर आठवड्याला पेढे आणायचा, दोन जिवांची आहे म्हणून. एका महिन्यात ती पाच किलो वाढली. आम्हाला कौतुक वाटलं. सिस्टरनं तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे पोराचं वजन नाही, हे पाणी हाय," ती म्हणाली. "आजच दवाखान्यात जा. आणि मास्तरले सांग, पेढे त्यानं खावेत. तुले डाळ, अंडं, पालेभाजी."

"पण दोघांचं खायला लागते ना सिस्टर?"

"दोघांचं नाही. तुह्यं आणि वरून अर्धी भाकर. पोर काय पहिलवान हाय का आतमधी?"

मास्तरांची बायको रडली, पण दवाखान्यात गेली. पुढं तिचं सगळं नीट झालं.

आता माझ्या घरचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण खोटं लिहायला मी बसले नाही.

माझी सून रेखा. तिसऱ्या महिन्यात बेचाळीस भरली. सहाव्यात त्रेचाळीस. सिस्टरनं कार्ड माझ्यासमोर धरलं.

"आजी, आता महिन्याले दोन किलो चढलं पायजे. पुढच्या मंगळवारी काटा हलला नाही तर मी तुमच्या घरी जेवाले येईन."

ते सगळ्या बायांसमोर म्हणाली. म्हणजे काय, तर या घरात सुनेला उपाशी ठेवतात. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आणि खरं म्हणजे मी तिला कमीच वाढत होते. दुष्टपणानं नाही. आमच्याकडे रीतच तशी. पोटुशीनं पोटभर खाल्लं की पोर मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं, म्हणून सातवा लागायच्या आधीच भाकरी मोजून द्यायची. माझ्या सासूनं मला तसंच ठेवलं होतं. शिवाय रेखाचे सोमवार होते, चतुर्थी होती. मी अडवत नव्हते.

पुढच्या महिन्याचा मंगळवार आला. निघताना मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता रेखाच्या कमरेला खोचला आणि वरून पदर घेतला. ती म्हणाली, "आई, हे काऊन?" मी म्हटलं, "गप चाल."

बघा, घरी मी तिला कमी वाढत होते आणि काट्यावर जास्त दाखवत होते. त्या दिवशी त्यात मला काहीच विचित्र वाटलं नाही.

सिस्टर चढली. अठ्ठावन्न. उतरली. रेखा चढली. काटा चव्वेचाळीसवर गेला आणि मी श्वास सोडला. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "सरळ उभी राय, पोरी." रेखा सरळ झाली आणि बत्ता निसटून काट्यावर आपटला. अंगणवाडीतली सगळी पोरं दचकून बघायला लागली. एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या.

सिस्टर हसली नाही. रागावलीही नाही. तिनं रेखाला उतरवलं आणि बत्ता एकटाच काट्यावर ठेवला.

"एक किलो. आजी, तुम्हाले नातू पायजे का बत्ता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच जेवायला आली. पुरुष जेवले, मी जेवले, ती ओट्यावर बसून राहिली. "मी रेखासंगं जेवीन," म्हणाली. मग दोघींची ताटं वाढली. पाहुणी म्हणून तिला मी दोन भाकरी, घट्ट वरण, शेवग्याची भाजी वाढली. रेखाला रोजचं, अर्धी भाकरी आणि वरणाचं पाणी. सिस्टरनं ताटांची अदलाबदल केली आणि पाण्यात अर्धी भाकरी कुस्करून खाऊ लागली.

मला राग आला. मी म्हटलं, "पोर मोठं झालं तर अडते बाई. तुम्ही येसान का ओढाले? माह्या सासूनं मले पोटाले मारून ठेवलं, म्हणून मी सुटली."

"किती झाले तुम्हाले?"

"पाच."

"हायेत किती?"

"तीन."

"दोन काऊन गेले?"

"बारीक होते," मी म्हटलं. "चिमणीच्या पिलाएवढे. चार दिवस बी नाही काढले."

इतकी वर्षं हेच सांगत आले होते. बारीक होते, देवानं नेले. ते बारीक का होते, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सिस्टरनंही विचारलं नाही. ती आपली पाण्यातली भाकरी खात राहिली.

मी उठले आणि चुलीवर तवा ठेवला.

त्या दिवसापासून घरात पहिलं ताट रेखाचं. सकाळी अंडं, चारला गूळ-शेंगदाणे, दोन्ही वेळा घट्ट वरण. रक्तवाढीची लाल गोळी लिंबू पिळलेल्या वरणानंतर, चहासोबत नाही. सोमवार मी सोडवले. शेजारीण म्हणाली, "देव कोपीन." मी म्हटलं, "त्याले माह्याकडे पाठव."

आठव्या महिन्यात सिस्टरची बदली झाली, रोहिणखेडकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोपाला बायांनी नारळ दिला, ओटी भरली. तिनं माझ्याकडे बोट केलं. "या आजीवर लक्ष ठेवा. लबाड हाय." एवढंच. पुढं तीन महिने तिची जागा रिकामी होती. मी अंगणवाडीतल्या ताईकडून काटा मागून घ्यायची आणि रेखाला चढवायची. नववा लागला तेव्हा सत्तेचाळीस.

पोर अडलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रेखा सकाळी बाळंत झाली. मी सिस्टरला फोन केला.

"बाई, रेखा सुटली."

"किती भरलं?"

"दोन किलो सातशे."

"पाह्यलं कोणी?"

"म्या. आधी काटा रिकामा पाह्यला, मंग पोर ठेवू देलं."

मग ती म्हणाली, "आता बाळंतिणीले उपाशी ठेवसान तर पुन्हा येईन जेवाले." आणि फोन ठेवला. मुलगा की मुलगी, हे तिनं विचारलंच नाही.

मुलगी आहे. आता पळते, माझ्या ताटातलं ओढून खाते. तिला बघून मला माझी दोन आठवतात. आधी आठवत नव्हती.

गेल्या वर्षी सिस्टर नोकरीतून मोकळी झाली असं कळलं. या गावाला परत आली नाही. आता एक तरुण पोरगी येते, बोलायला गोड. आकड्यांचा नवा काटा आणते आणि लगेच म्हणते, "या, उभ्या रहा."

रेखाला दुसरं राहिलंय. परवाच्या मंगळवारी मी तिला थांबवलं. चपला काढल्या, साडीचा काठ वर घेतला आणि आधी मी चढले. सकाळी दळण टाकताना गिरणीच्या काट्यावर स्वतःला मोजून आले होते.

"किती?" मी भिंतीकडे बघत विचारलं.

"त्रेपन्न, आजी," नवी सिस्टर म्हणाली. "पण तुमचं कशाले?"

"काटा खरा हाय," मी म्हटलं. "चढ, रेखा."

रेखानं माझ्याकडे बघत कमरेवरचा पदर बाजूला केला, काही खोचलेलं नाही हे दाखवलं, आणि चढली.