बियाण्याची तीन वांगी

बजाजनगरात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर सोनवणे काकांची भाजीची बाग आहे. सहा वर्षांपूर्वी मी तिथं वही घेऊन शिकायला गेले. काकांनी वहीकडे पाहिलं आणि हातात खुरपं दिलं. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले काका यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मला इथं माझी एक चूक सांगायची आहे, कारण काका मला त्या चुकीतून कळले.

एका हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काका आठ दिवस घरी होते. बाग माझ्याकडे होती. 'जून फळ झाडावर राहिलं की नवी फळं कमी धरतात' हे त्यांचंच वाक्य माझ्या वहीत होतं. सर्वांत जोमदार झाडावरची तीन पिवळी वांगी मी तोडली आणि घंटागाडीत टाकली. दोन दिवसांनी काकूंकडून कळलं, की ती बियाण्यासाठी राखली होती. काकांच्या आईचं वाण. घरात त्याचं दुसरं बी नव्हतं. त्या दिवशी मी वहीत लिहिलं : 'तीन वांगी पाखरांनी खाल्ली.'

काका बागेत आले, त्या झाडापाशी थांबले आणि पुढच्या वाफ्याकडे वळले. चार दिवस मी ती ओळ तशीच राहू दिली. मग वही त्यांच्यापुढं धरून खरं काय ते सांगितलं.

"देठ कात्रीनं कापलेलं हाय, ताई. पाखरं कात्री कुठून आणतील?" ते म्हणाले. मग म्हणाले, "खायचं फळ येगळं, बियाचं येगळं, हे म्या सांगितलंच नाय. पण वहीत खरं लिहा. पुढल्या साली तुम्हालाच वाचायचंय."

मी ती ओळ त्यांच्यासमोर दुरुस्त केली.

काकांनी पूर्वी ते बी उस्मानपुऱ्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यांना दिलं होतं. त्यांच्याकडे ते टिकलं असेल का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं गेलो. त्या घरच्या वहिनींनी मसाल्याच्या डब्यामागून कागदाची पुडी काढून दिली. काकांनी जिन्यातच ती उघडली आणि स्वतःच्या खिशात ठेवण्याआधी अर्धं बी माझ्या रुमालात बांधलं. ज्या हातांनी ते वाण जवळजवळ संपवलं, त्याच हातांत त्यांनी ते पुन्हा का दिलं, हे मी अजून स्वतःला विचारते.

यंदा माझ्या गच्चीवर त्या वाणाचं एक वांगं पिवळं होत आलं आहे. मी त्याला हात लावलेला नाही. काकांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. फळ कधी उतरवायचं, हे मला यंदाही त्यांनाच विचारायचं आहे, आणि पुढची पुष्कळ वर्षंही.