भाऊजींचं चिखलातलं इंजिन

माझ्या भाऊजींइतका संशयी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. माणसांवर त्यांचा आंधळा विश्वास. दारात आलेल्या कुणालाही ते सायकल देऊन टाकत. संशय सगळा इंजिनांवर. चालू असलेलं कुठलंही इंजिन आपल्यापासून काहीतरी लपवतंय, अशी त्यांची ठाम समजूत होती. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत असताना हे मांडवामागच्या जनरेटरला कान लावून उभे होते, आणि अक्षता पडायच्या ऐन वेळी त्यांनी तो बंद केला. “बेरिंग जाऊन राह्यली होती,” ते म्हणाले. माझं लग्न अंधारात लागलं. बेरिंग मात्र वाचली.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते मेकॅनिक होते. कापसाचे भाव पडले, जिनिंग वर्षातले बरेच महिने बंद राहू लागली आणि भाऊजी गावी परतले. गाव दिग्रसपासून आत. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता असा व्हायचा की जीप सोडाच, बैलांची बंडीसुद्धा आसापर्यंत रुतायची. मग त्यांनी भंगारातला जीपचा सांगाडा आणला, मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजिन आणलं आणि ताईच्या अंगणात चिखलातून जाणारी गाडी बांधायला घेतली. ताईची पुरणाची परात डिझेलमध्ये पिस्टन धुवायला गेली. सायलेन्सरची नळी त्यांनी टपाच्याही वर नेली, पाणी शिरू नये म्हणून. गाडी पहिल्यांदा गरजली तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी मात्र तोंड वाकडं करून इंजिन परत उघडलं. “ताकद कोनीबी देते, गड्या,” ते मला म्हणाले, “भरवसा देनं कठीन हाय.” त्यानंतर दर काही आठवड्यांनी त्यांना नवा आवाज ऐकू यायचा आणि इंजिन उघडलं जायचं. गाव हसायचं. ताई हसायची थांबली होती.

भाद्रपदात मी तिथे गेलो होतो. त्या दिवशीही इंजिन उघडलेलंच. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, नुकतंच परत बसवलं होतं, बोल्ट आवळायचे होते. दुपारी चार माणसं गजाननला खाटेवर घालून धावत आली. गजानन शेजारचा, कापसाच्या पराटीवर औषध फवारता फवारता शेतातच कोसळला होता. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. ताईनं काही न विचारता त्याचे कपडे उतरवले आणि साबणानं अंग धुवायला घेतलं. भाऊजींनी पाना उचलला.

ते बोल्ट आवळू लागले. मधून बाहेर, थोडा हा, थोडा तो, परत पहिल्यापासून. गजाननची बायको दाराशी उभी. मला राहवेना. “भाऊजी, कसून टाका न एकदाचे!”

“वाटेत गास्केट उडून इंजिन बंद पडलं तं नाल्यात बसून काय करशीन?” त्यांनी मान वर केली नाही. कपाळावरचा घाम इंजिनावर पडत होता. पाणी भरलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. त्या वेळी मला त्या माणसाचा खरोखर राग आला.

गाडी निघाली. मागे गजाननचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी त्याची बायको. त्याचा श्वास घरघरत होता, मध्येच थांबत होता. चाकं चिखलात निम्मी बुडाली, गाडी आडवी सरकली, पुन्हा सरळ झाली. नाल्यावर पाणी चढलेलं होतं. गजाननची बायको देवाचा धावा करू लागली, तसे भाऊजी ओरडले, “चूप! मले ऐकू द्या!” पाणी पायाशी आलं, सीटला लागलं. मधोमध इंजिनाचा आवाज एकदम खोल गेला. मी डोळे मिटले. अ‍ॅक्सिलरेटरवरचा भाऊजींचा पाय जागचा हलला नाही. “चाल बाई, चाल,” ते हळूच म्हणाले. एवढ्या वर्षांत इंजिनाशी प्रेमानं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज सावरला आणि पुढची चाकं काठावर चढली.

दिग्रसच्या दवाखान्यात गजाननला आत नेलं. नखशिखांत काळ्या चिखलानं माखलेल्या भाऊजींना पाहून सिस्टरनं त्यांनाही पेशंट समजून खाटेवर निजवलं. “मले काई नाई झालं बाई,” असं ते सांगत राहिले, पण बराच वेळ त्यांना उठून बसता येईना.

गजानन वाचला. काही दिवस त्याला सगळं धूसर दिसत होतं, मग तेही गेलं. पुढची काही वर्षं त्या गाडीनं बाळंतिणी नेल्या, परीक्षेची पोरं नेली, एकदा नवरदेवही नेला.

मग गावापर्यंत डांबरी रस्ता झाला. पहिली एसटी गावात आली तेव्हा भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसले, दिग्रसला गेले आणि त्याच एसटीनं परत आले. ताईनं विचारलं, “कसा हाय रस्ता?”

“मस्त झाला,” ते म्हणाले, “काईच लागत नाई आता.” आणि चपला काढायचं विसरून तसेच अंगणातल्या आपल्या गाडीकडे बघत ओसरीवर बसून राहिले.