डब्याचा वास

दर पंधरा दिवसांनी मी चाकूरहून लातूरच्या दवाखान्यात जायचे, तेव्हा एक बाई बाकावर आधीच बसलेली असे. क्लासच्या पोरींसाठी खानावळ चालवायची. नाकात मांस वाढून तिला वास येईनासा झाला होता. ऑपरेशननंतरही ते पुन्हा वाढलं, म्हणून आता इंजेक्शन. ते फ्रिजमधलं असायचं; थंडपणा उतरेपर्यंत ते मांडीवर घेऊन, वर पदर धरून, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी बसायची.

मग डबा उघडून माझ्या नाकापुढं धरायची. "ताई, बघा बरं, वरण आंबलं का?"

"नाही, चांगलं आहे."

"एकदा आंबलेलं वाढलं बघा मी. पोरी गुमान खाऊन उठल्या. मला वाईट वाटंल म्हणून! सांगितलं असतं तर मी काय मेले असते का?"

मीही त्याच दुखण्याची पेशंट. माझा नंबर ती गेल्यावर लागे, माझं इंजेक्शन तिनं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिला मी कुणासोबत तरी आलेली वाटायची. पहिल्या दिवशी ओशाळून 'चांगलं आहे' म्हटलं, ते तसंच चालू राहिलं.

सहाव्या खेपेला तिनं डबा पुढं केला नाही. मी माझा उघडला, तशी तिनं माझा हात धरला.

"खाऊ नका ताई. भाजी आंबली हाय."

मी डबा नाकाशी नेला. काहीच कळेना. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं तिचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"हे खा. मी वास घेऊन बघितलाय."