पोटावरचा नारळ

फिलोमिनाबायने मला श्वास घ्यायला शिकवलं. ती मालवणच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. काल इथे जर्मनीत, ऑपेरातलं माझं पहिलं एकट्याचं गाणं सुरू व्हायच्या आधी, विंगेत कुणाच्या तरी केसांना खोबरेलाचा वास आला आणि मी तिच्या अंगणात पोचलो.

नुकतीच आठवीतून शाळा सोडलेला मी वाळूत उताणा पडलोय. पोटावर सोललेला नारळ.

"नारळ वर येवक होयो. छाती कित्याक फुगयतस? कोंबो आसस?"

"बाय, माझो आवाज रेड्यासारखो. सगळे हसतत."

"हसांदेत! रेडो खंयसून ओरडता? पोटातसून. गा."

नारळ होडीसारखा संथ वर चढला. तेव्हा तिचं ते रेड्याचं बोलणं थट्टा वाटलं होतं. त्याच जाड, भरदार आवाजाला इथे बॅरिटोन म्हणतात.

काल घाबरत घाबरत गायलो. पण आवाज कुठेच चिरकला नाही. बायने असं नाट्यगृह कधी पाहिलेलं नाही. एक दिवस तिला इथे पहिल्या रांगेत आणून बसवीन.