नंबर तेवढा उडवा

मंडळी, पनवेलला माझं प्रिंटिंगचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच. आज सकाळी सुकापूरच्या आमच्या कलामंडळाने आमच्या चित्रकार निशाताईंच्या एका चित्राच्या मोजक्याच प्रिंट विकायला ठेवल्या. प्रत्येकीवर वेगळा नंबर आणि ताईंची सही. विकल्या तर मंडळाची भाड्याची खोली टिकेल.

करंजाड्याचे एक बिल्डर शेठ आले. एक प्रिंट घेतली, ताईंसोबत फोटो काढला, "कला जगली पाहिजे" म्हणून भाषणही ठोकलं. बाहेर पडताना ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "बाकीच्या बाहेरून मारून घेऊ." माझे कान तिखट आहेत.

दुपारी शेठ माझ्याच दुकानात. सकाळी प्रिंट गुंडाळून मीच दिली होती, पण टेबलामागचा माणूस यांना दिसतो कुठे?

"सॅम्पल फ्लॅटसाठी वीस कॉपी मारा. खालचा नंबर तेवढा उडवा."

"का हो शेठ?"

"सगळ्यांवर एकच नंबर दिसला तर कॉपी कळेल ना."

मी म्हटलं, "त्यापेक्षा तुमच्या सकाळच्या फोटोच्या वीस मारतो. तेवढीच कला तुमची."

शेठ तणतणत गेले. तो फोटो मात्र फेसबुकवर आहे, वर 'कलेचा सेवक'. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीपण आहात का?